जुन्या कचेरीत नवा कारभार

मंडळी, जुनी सरकारी इमारत दुरुस्तीला निघाली की पहिल्या बैठकीत चर्चा होते ती काय काय बसवायचं याची. लिफ्ट, एसी, सर्व्हर, फॉल्स सीलिंग. माझा आग्रह असतो की आधी काढायचं काय, ते ठरवा.

मुंबईचं जुनं सचिवालय घ्या. ओव्हल मैदानासमोरचं, आज जिथे शहर दिवाणी व सत्र न्यायालय भरतं ते. हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या लष्करी इंजिनिअरच्या आराखड्यावरून ते १८७४ मध्ये उभं राहिलं. मैदानापलीकडे तेव्हा समुद्र होता. विल्किन्सनं पश्चिमेला कमानींचे लांबलचक व्हरांडे दिले. दुपारचं ऊन व्हरांड्यातच अडायचं आणि खोल्यांत वारा तेवढा यायचा. पुढे बॅकबे या तिथल्या उपसागरात भराव पडला, समुद्र लांब गेला; वाऱ्याची दिशा बदलण्याचा शासन निर्णय मात्र अजून निघालेला नाही!

असे व्हरांडे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कचेऱ्यांनाही आहेत. जागा कमी पडली की आपण त्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटी ठोकतो, केबिनं पाडतो. आतल्या खोल्या कोंदटल्या की एसी मागवतो. एसीची थंडी टिकावी म्हणून फॉल्स सीलिंग लावून छत खाली घेतो, आणि त्या सीलिंगच्या वर सागवानी तुळईला वाळवी लागली, गच्ची गळू लागली, तरी खाली बसलेल्या कुणाला पत्ता नसतो. म्हणून म्हणतो, आधी केबिनं काढा, फॉल्स सीलिंग काढा, झरोके मोकळे करा. निम्मे एसी लागणारच नाहीत. सर्व्हरच्या खोलीला एसी हवा, जरूर द्या. प्रत्येक टेबलाला कशाला?

आता चुना. मुंबईच्या जुन्या इमारतींत वापरलेला पोरबंदरचा दगड हा चुनखडीचा, मऊ, पाणी शोषणारा. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, वाळून बाहेर पडायचं. आपण त्या दरजा सिमेंटनं घट्ट बुजवतो, काम पक्कं झालं म्हणून बिलही काढतो. पाणी मग दगडातूनच वाट काढतं, त्यातले क्षार पृष्ठभागाशी साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. दरज दगडापेक्षा मऊच हवी. झिजली तर दरज झिजावी, ती पुन्हा भरता येते. निविदेत 'चुना' एवढंच लिहून भागत नाही. तो किती दिवस भिजवायचा, सुर्खी (विटांची पूड) किती, चुन्याच्या घाणीत, म्हणजे दळायच्या चक्कीत, किती मळायचा, हे लिहा. नाहीतर कंत्राटदार पांढरं सिमेंट आणतो आणि लांबून ते चुन्यासारखंच दिसतं.

वापर बदलला की इमारत बिघडते, असंही नाही. गेटवेजवळचं पोलीस महासंचालकांचं कार्यालय बघा. १८७६ मध्ये ते खलाशांचं वसतिगृह म्हणून बांधलं. १९२८ मध्ये सरकारनं विधिमंडळासाठी घेतलं. १९८१ मध्ये नवं विधान भवन झालं आणि त्यानंतर इथे पोलीस आले. दर्शनी भागावर समुद्रदेव नेपच्यून अजून आहे, त्याची कुठे बदली झालेली नाही. मोठ्या दालनाला मोठं दालनच राहू दिलं, तर नवा धनी कोणीही चालतो.

बिघडवतात ते फायलींचे गठ्ठे. लाकडी तुळयांच्या मजल्यावर लोखंडी कॉम्पॅक्टर (फायलींची सरकती कपाटं) चढवायच्या आधी वजनाचा हिशेब करा. शक्यतो ते तळमजल्यावर ठेवा, तेही ओल नसेल तिथे. आणि कागदाशेजारून जाणाऱ्या वायरी बघा. २१ जून २०१२ ची मंत्रालयाची आग आपण सर्वांनी पाहिली, आणि ती इमारत तर १९५५ ची. जुन्या वायरिंगवर नवे फाटे जोडू नका, सगळं उपटून नव्यानं करा. मात्र वायरींचा पाइप भिंत फोडून नेऊ नका. उघडाच न्या, सरळ रेषेत, म्हणजे पुढच्याला तो काढताही येईल.

लिफ्ट आणि रॅम्प हवेतच, त्यात वाद नाही. मूळ जिन्याच्या पोटात लिफ्ट घुसवू नका, मागच्या चौकात स्वतंत्र उभी करा.

एक शेवटचं, अंदाजपत्रक करणाऱ्यांसाठी. दर मे महिन्यात पन्हळी साफ करणं आणि भिंतीतले पिंपळ मुळासकट काढणं यासाठी वेगळी तरतूद याच प्रस्तावात मागून घ्या. उद्घाटन झाल्यावर ती कोणी देत नाही.