सायलेन्सर फाटलाय, गळती नेमकी कुठे?

[दृश्य: रात्रभर उभी असलेली गाडी. किल्ली फिरते, इंजिन चालू होतं.]

गार इंजिन चालू झालं की बॉनेटखालून टिक-टिक असा आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की टिकटिक वाढते, आणि गाडी तापली की थोड्या वेळात ती ऐकूच येईनाशी होते. बरेच जण इथे निर्धास्त होतात. पण तापलेलं लोखंड प्रसरण पावतं आणि धुराच्या पाइपातली फट तेवढ्यापुरती बुजते, एवढाच त्याचा अर्थ. उद्या सकाळी ती तिथेच असणार.

एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या, कामात लोक आवाजाच्या मागे लागतात. मला मात्र वाटतं, आधी धुराचा विचार करावा. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. गळका पाइप गाडीच्या तळाशी असेल आणि तळाच्या पत्र्याला एखादं गंजकं भोक असेल, तर हा वायू थेट आत बसलेल्यांपर्यंत पोहोचतो. प्रवासात डोकं जड होणं, मळमळणं ही गाडी लागल्याचीच लक्षणं असतील असं नाही. म्हणून या कामात इंजिन चालू करायचं ते उघड्यावरच. बंद गॅरेजमध्ये एक मिनिटही नको.

[दृश्य: सपाट जमीन. चाकांना ठोकळे. जॅकशेजारी दोन भक्कम स्टँड.]

गाडी उचलायला जॅक, पण पेलायला स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये, घाई कितीही असो. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनमधून निघालेला धूर गोळा करणारा पहिला भाग, काहीशे अंशांपर्यंत तापतो. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण वर बघून काम करताना गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यात पडतात.

आता गळती शोधू. इंजिनकडून मागे या: मॅनिफोल्ड, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निकामी करणारा डबा), लवचीक जाळीदार जोड, मग सायलेन्सर आणि शेवटचा पाइप. सांध्यापाशी काळ्या काजळीची रेघ दिसली तर वायू तिथूनच सुटतोय. रेघ दिसत नसेल तर इंजिन बंदच ठेवून, व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू मागच्या पाइपला लावा, भोवती फडकं गुंडाळा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा.

[दृश्य: अगदी जवळून. फ्लँजच्या (दोन पाइप जोडणाऱ्या चकतीच्या) कडेला एक बुडबुडा फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो.]

इथे आहे.

गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर प्रकरण वेगळं. पाइपमधला दाब सारखा वर-खाली होत असतो, आणि तो खाली गेला की फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं इंधन कमी पडतंय. मग गाडीचा संगणक जादा पेट्रोल सोडतो, मायलेज घसरतं, आणि ते जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जळून त्यालाही नासवू शकतं. एका गॅस्केटकडे (सांध्यातल्या गळती रोखणाऱ्या चकतीकडे) दुर्लक्ष केलं की खर्च असा वाढत जातो.

सायलेन्सर मात्र बहुधा आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं, पण रोज दोन-चार किलोमीटरच गाडी फिरवली तर आम्ल मिसळलेलं तेच पाणी डब्यात साचून राहतं. बाहेरून पत्रा ठीक दिसतो. स्क्रूड्रायव्हरने भोवताली ठोकून बघा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. टोक आत रुतलं तर छिद्र बुजवायची पेस्ट आणि वरून गुंडाळायचं बँडेज तिथे टिकणार नाही, डबाच बदला. पत्रा मजबूत असून बारीक छिद्र पडलं असेल, तरच तारेच्या ब्रशने धातू लख्ख होईपर्यंत घासून पेस्ट लावा. तीही तात्पुरतीच समजा.

[दृश्य: गंजलेला नट. तेलाचा थेंब आट्यांत झिरपतो.]

खरा वेळ खातात ते जाम झालेले नट. आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी सहा कोनांची गोटी (सॉकेट पाना) लावा, नट किंचित आवळा आणि मग सोडवा; आधी आवळल्याने गंजाची पकड सुटते. तेल ताजं असताना तिथे बर्नर लावू नका, आणि पेट्रोलच्या टाकीजवळ तर कधीच नाही. पाइप टांगून धरणाऱ्या रबरी हँगरवर साबणाचं पाणी लावलं की ते ओढाताण न करता निघतात.

बसवताना गॅस्केट नवीनच घ्या. जुनं एकदा दाबलं गेलं की पुन्हा नीट बसत नाही. सगळे भाग आधी सैल जोडा, पाइप टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि ॲक्सलपासून लांब आहे ना ते पाहा, आणि मग इंजिनकडून मागे येत सांधा आवळून धरणारा एकेक क्लॅम्प आवळा. हा क्रम चुकला तर पाइप पिळलेला राहतो आणि खड्ड्यात गाडी आदळली की पत्र्याला लागतो.

मॅनिफोल्डचा तुटलेला स्टड (इंजिनात रुतलेला बोल्ट) आणि टाकीजवळचं वेल्डिंग ही कामं घरी करू नयेत. ती मेकॅनिककडेच द्या. कन्व्हर्टर काढून साधा पाइप टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बाहेर सोडल्या जाणाऱ्या विषाचा मोठा भाग तोच निकामी करतो.

[दृश्य: उघड्यावर गाडी चालू. हात सांध्याजवळून, स्पर्श न करता फिरतो.]

पेस्टला उग्र वास येईल, थोडा धूर निघेल. ती उष्णतेने पक्की होत असते. पहिल्या लांब फेरीनंतर गाडी पूर्ण गार करा आणि सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा. मग सांध्यांवर काजळीची नवी रेघ उमटलीय का, ते टॉर्च घेऊन बघा.