व्हिएन्नाचा ऑपेरा बघायचाय? तिकीट उभ्याचं काढा

नमस्कार मंडळी! व्हिएन्नाला जाणारे आपले बहुतेक ग्रुप स्टेट ऑपेराच्या समोर एक फोटो काढतात. गाइड म्हणतो, ‘जगप्रसिद्ध ऑपेरा हाउस’, बस जरा थांबते आणि निघते राजवाड्याकडे. फार हौस असेल तर कुणी आतली चाळीसेक मिनिटांची टूर घेतं. टूर वाईट नाही. पण दिवसा रिकामं नाट्यगृह बघून हाती काय लागणार? संध्याकाळी आत जा, ऑपेरा म्हणजे गाण्यांतून रंगणारं नाटक चालू असताना. बरं, त्यासाठी दोनशे युरोची खुर्ची लागते असंही नाही. वीस युरोच्या आत काम होतं. फक्त तीन तास उभं राहायची तयारी हवी.

(स्क्रीनवर: प्रेक्षागृहाचा नकाशा)

या नाट्यगृहात साधारण सतराशे खुर्च्या आहेत. त्याशिवाय चारशेहून जास्त माणसं उभी राहतील एवढी जागा मुद्दाम ठेवलेली आहे. त्यातली सगळ्यात भारी जागा तळमजल्यावर, खुर्च्यांच्या मागे, मधल्या मानाच्या बॉक्सच्या बरोबर खाली. म्हणजे जिथं बसायला श्रीमंत लोक बक्कळ पैसे मोजतात, त्यांच्याच पायाखाली तुम्ही. रंगमंच अगदी नाकासमोर. प्रत्येक रांगेला टेकायला कठडा आहे आणि त्यावर छोटा पडदा, ज्यावर गाण्याचा अर्थ चालू असतो. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी, हवी ती भाषा निवडा. मराठी अर्थात नाही. दुसरी जागा अगदी वर, गॅलरीत. तिथं आवाज सुरेख येतो, पण बाजूला सापडलात तर अर्धा रंगमंच दिसत नाही. म्हणून पहिली पसंती तळमजला.

ही तिकिटं प्रयोगाच्या दिवशीच विकायला काढतात. सकाळी दहापासून ऑनलाइन, आणि उरलेली संध्याकाळी खिडकीवर. दर आणि नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याआधी ऑपेराच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. मध्यंतरात पाय मोकळे करायला जाताना कठड्याला स्कार्फ बांधून जायची तिथली जुनी रीत आहे. ओढणी चालते. बांधलेल्या जागेला सहसा कुणी हात लावत नाही.

आता एक सावधगिरी. ऑपेराच्या बाहेर फुटपाथवर पांढरा टोप आणि लाल झगा घातलेले, संगीतकार मोझार्टच्या वेशातले विक्रेते तुम्हाला गाठतील. ते विकतात ती तिकिटं बहुतेक वेळा दुसऱ्याच हॉलमधल्या कॉन्सर्टची असतात, पर्यटकांसाठी निवडक तुकडे वाजवणारी. कुणाला तेच हवं असेल तर खुशाल घ्या. पण या इमारतीतला प्रयोग बघितला असं मग घरी सांगू नका.

(स्क्रीनवर: इमारतीचा दर्शनी भाग, जुना फोटो)

इमारतीची गोष्ट मात्र ऐकाच. 25 मे 1869 ला मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने ही उघडली. ज्या दोन वास्तुविशारदांनी ती बांधली, फान डेर न्युल आणि सिकार्ड्सबुर्ग, त्यांच्यापैकी एकालाही तो दिवस दिसला नाही. बांधकाम चालू असताना समोरचा रस्ता जवळपास मीटरभर उंचावला गेला, आणि गाव हसायला लागलं: इमारत जमिनीत रुतलीये, बुडालेली पेटीच जणू! वर्तमानपत्रांनी सोलून काढलं. 1868 च्या एप्रिलमध्ये फान डेर न्युलने आत्महत्या केली. दहा आठवड्यांत सिकार्ड्सबुर्गही गेला, आजाराने. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ, त्याने याचा इतका धसका घेतला म्हणतात, की पुढे आयुष्यभर काहीही दाखवलं तरी त्याचं ठरलेलं उत्तर असायचं: ‘फार सुंदर, मला फार आनंद झाला.’ आज त्याच इमारतीसमोर लोक सेल्फीसाठी रांग लावतात. टीकाकारांची नावं कुणाला आठवतात का बघा.

आत शिरलात की अजून एक गंमत. भव्य जिना, छतावरची चित्रं, सोनेरी नक्षी, सगळं एकोणिसाव्या शतकातलं. आणि प्रेक्षागृहात पाऊल टाकलं की एकदम साधेपणा. असं वाटतं, इथं पैसे संपले की काय! तसं नाही. 12 मार्च 1945 ला बॉम्ब पडले. प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. दर्शनी भाग, जिना आणि काही दालनं तेवढी वाचली. पुढे वाद झाले, जुनं होतं तसंच उभारायचं की नवं करायचं. शेवटी आकार जुना ठेवून सजावट नवी, साधी केली. 5 नोव्हेंबर 1955 ला बीथोव्हेनच्या ‘फिदेलिओ’ने दारं पुन्हा उघडली. ‘फिदेलिओ’त बायको नवऱ्याला तुरुंगातून सोडवते. आणि महायुद्धानंतर दहा वर्षं ऑस्ट्रियात ठाण मांडून बसलेल्या चार देशांच्या फौजा नुकत्याच, त्याच ऑक्टोबरात परत गेल्या होत्या. कोणतं नाटक लावायचं यावर फार चर्चा करावी लागली नसेल.

प्रयोग सुरू व्हायच्या आधी समोरच्या पडद्याकडे नीट बघा. तो कापडाचा नाही, आगीपासून बचावासाठीचा लोखंडी पडदा आहे. 1881 साली याच शहरातलं रिंग थिएटर पेटलं आणि शेकडो माणसं गेली, तेव्हापासून या पडद्याला इथं फार महत्त्व आलं. 1955 मध्ये त्यावर चित्र काढलं आयझेनमेंगर नावाच्या चित्रकाराने. हा माणूस नाझी पक्षाचा सभासद होता. ते चित्र पुसायचं की ठेवायचं? व्हिएन्नाने तिसराच मार्ग काढला. 1998 पासून दर हंगामात एका नव्या कलाकाराचं 176 चौरस मीटरचं चित्र चुंबकांनी त्यावर लावतात. खालचं तसंच राहतं, झाकलेलं. मला हा तोडगा पटतो. पाहिजे तर खाली कमेंटमध्ये भांडा.

(थेट कॅमेऱ्याकडे)

मुख्य गोष्ट आवाजाची. इथं गायकाला माइक नसतो. समोरच्या खड्ड्यात भलामोठा वाद्यवृंद गरजतोय आणि त्यावरून एक माणूस शेवटच्या रांगेपर्यंत पोचतोय. हे जमतं कसं? तालमीने. हे गायक गळा असा तयार करतात, की आवाजाची ताकद साधारण 3,000 हर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यात एकवटते. त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर कमी पडतो, आणि माणसाचा कान नेमका तिथंच तिखट असतो. आपल्याकडे 1880 मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ आलं तेव्हा तरी कुठं होते माइक? नाट्यपदांवर वाढलेल्या माणसाला ऑपेरा परका वाटायचं खरं तर कारण नाही. गोष्ट थांबते, पद सुरू होतं, ते रंगलं की टाळ्या पडतात.

आणि तो वाद्यवृंद कुणाचा माहितीये? व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नावाजलेल्या वाद्यवृंदाचे वादक याच ऑपेराच्या वाद्यवृंदातून घेतले जातात. एक जानेवारीला टीव्हीवर जी न्यू इयर कॉन्सर्ट बघतो, तीच ही मंडळी. त्या कॉन्सर्टच्या तिकिटासाठी सोडतीत नाव लागावं लागतं. 1954 मध्ये संगीत शिकायला मुंबईहून व्हिएन्नाला गेलेल्या झुबिन मेहतांनी ती कॉन्सर्ट पाच वेळा कंडक्ट केली आहे. ऑपेरात हेच वादक तुमच्यासमोर, वीस युरोच्या आत.

कधी जायचं? हंगाम सप्टेंबर ते जून. जुलै-ऑगस्टमध्ये नाट्यगृह बंद. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांची त्यामुळे चांदी आहे. जवळजवळ रोज वेगळा ऑपेरा असतो, वर्षाला पन्नासच्या घरात, म्हणजे तीन दिवस राहिलात तर तीन वेगळे. एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरात काही प्रयोग बाहेरच्या चौकात मोठ्या स्क्रीनवर फुकटही दाखवतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर तो उत्तम पर्याय, खुर्च्या मांडलेल्या असतात.

पहिल्यांदा कोणता बघायचा? पुच्चीनीचा ‘तोस्का’ मिळाला तर डोळे मिटून घ्या. प्रेम, पोलीस, खून, फसवणूक, सगळं एका दिवसाच्या आत. इथं अजून 1958 सालचीच मांडणी चालते, शेकडो प्रयोग झालेत. तेव्हा जुन्या पद्धतीचा नेपथ्याचा थाट बघायला मिळतो. जर्मन संगीतकार वाग्नर पहिल्या खेपेला नको. त्याचं ‘गोटरडेमरुंग’ मध्यंतरं धरून पाच तासांच्या वर जातं, आणि तुम्ही उभे आहात हे विसरू नका. पाय दुखले तर मध्यंतरात निघून गेलात तरी कुणी काही म्हणत नाही. तिकीट स्वस्त असल्याचा हाच फायदा.

कपड्यांचं फार दडपण घेऊ नका, नीटनेटकी जीन्स आणि शर्ट चालतो. हाफपँट आणि चप्पल नको. जाड कोट, मोठी बॅग खाली जमा करायची. उशीर मात्र अजिबात नको. संगीतकार गुस्ताव माहलर 1897 ते 1907 इथला संचालक होता, त्याने उशिरा येणाऱ्यांना दार बंद करायची शिस्त लावली. ती अजून चालू आहे. बाहेर टीव्हीवर बघत बसावं लागतं.

प्रयोग सुटला की भूक लागते. मागच्या बाजूला, आल्बर्टीना संग्रहालयाजवळ सॉसेजची एक टपरी आहे. तिथं झगमगीत गाऊनमधल्या बायका आणि टॅक्सीवाले एकाच फळीवर उभ्याने खातात. शाकाहारी मंडळींनी एवढं ध्यानात ठेवा: ‘केझेक्रायनर’ नावाच्या सॉसेजमध्ये चीज असतं हे खरं, पण ते डुकराच्या मांसात भरलेलं असतं. तुम्ही फक्त पाव आणि मोहरीचा सॉस मागा.