दोनशे डॉलर आणि हॅमिल्टन टायगर्स

तर मंडळी, आज बोलायचंय ते कॅनडातल्या हॅमिल्टन टायगर्स या आइस हॉकी टीमच्या १९२४-२५च्या सीझनबद्दल, आणि आधीच सांगून टाकतो की या प्रकरणात मी खेळाडूंच्या बाजूचा आहे. लीगच्या टेबलात पहिला नंबर आलेली टीम, हॉकीतल्या सर्वात मोठ्या स्टॅनली कपपर्यंत फक्त दोन सिरीज उरलेल्या, आणि अख्ख्या टीमने सांगितलं की प्रत्येकी २०० डॉलर द्या नाहीतर आम्ही बर्फावर उतरत नाही. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी हावरट खेळाडूंची म्हणून सांगतात. मला ते पटत नाही, का ते बघू.

थोडं मागे जावं लागेल. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीग, ही लीग सुरू झाली १९१७मध्ये, मॉन्ट्रियलला. क्वेबेक शहराची टीम पहिले दोन सीझन खेळलीच नाही, १९१९-२०ला उतरली आणि २४पैकी ४ मॅच जिंकली. त्यातल्याच एका मॅचमध्ये जो मॅलोनने एकट्याने ७ गोल मारले, तो रेकॉर्ड आजपर्यंत कुणाला मोडता आलेला नाही, पण टीम मात्र तळाला. मग १९२०मध्ये ही टीम विकली गेली हॅमिल्टनच्या एका बर्फ बनवणाऱ्या कंपनीला. हॅमिल्टन म्हणजे ऑन्टॅरिओमधलं पोलादाचं गाव, कारखान्यातली माणसं, आणि बार्टन स्ट्रीटवर त्यांची रिंक, चारेक हजार लोक बसतील एवढी. इथे पुढची चार वर्षं काय झालं, तर ६ विजय, ७ विजय, ६ विजय, ९ विजय. चारही वर्षं शेवटचा नंबर. तरीही लोक तिकीट काढून येत राहिले, हे लक्षात ठेवा.

मग हळूहळू टीम बदलत गेली. सडबरीहून ग्रीन बंधू आले, शॉर्टी आणि रेड. शॉर्टी ग्रीन पहिल्या महायुद्धात लढलेला माणूस, पॅशेन्डेलच्या लढाईत विषारी गॅस छातीत गेलेला, आणि तो माणूस परत येऊन बर्फावर प्रोफेशनल हॉकी खेळतोय. सेंटरला बिली बर्च. गोलमध्ये जेक फोर्ब्स, मास्क नाही काही नाही, त्या काळी गोलकीपर उघड्या तोंडाने उभा राहायचा. या फोर्ब्सची आधीची गोष्टही सांगण्यासारखी आहे, टोरांटोत असताना पगारावरून मालकाशी बिनसलं म्हणून १९२१-२२चा पूर्ण सीझन तो घरी बसला होता, वाकला नाही, मग टोरांटोने त्याला हॅमिल्टनला विकून टाकलं. म्हणजे पैशासाठी आडून बसणं म्हणजे काय हे या टीममध्ये निदान एकाला तरी नीट माहीत होतं. कोच आले जिमी गार्डनर, ते स्वतः जुने खेळाडू.

आता १९२४-२५ला लीगने काय केलं, तर दोन नव्या टीम घेतल्या, बॉस्टन ब्रुइन्स आणि मॉन्ट्रियल मरून्स, अमेरिकेतली पहिली टीम म्हणजे बॉस्टन. नव्या टीमकडून प्रवेशाचे पैसे घेतले, चाराच्या सहा टीम झाल्या, आणि मॅचेस २४वरून ३० केल्या. सहा मॅच जास्त म्हणजे तेवढं तिकीट जास्त विकलं गेलं, तेवढं उत्पन्न जास्त, पण खेळाडूंचे करार जुनेच होते आणि पगार होता तेवढाच राहिला. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

आणि त्या काळची हॉकी म्हणजे काय होती तेही डोळ्यापुढे आणा. आज दर मिनिटाला खेळाडू बदलतात. तेव्हा टीमच दहा-बारा जणांची, सुरुवातीला उतरलेले सहाजण साठ मिनिटांतला बराचसा वेळ बर्फावरच असायचे, बदली खेळाडू थोडा वेळ येऊन जायचा. पुढे पास द्यायला फक्त मधल्या पट्ट्यात परवानगी, बाकी ठिकाणी पक, म्हणजे हॉकीची ती चपटी चकती, घेऊन स्वतःच पळायचं, अंगावर येणाऱ्याला चुकवत नाहीतर त्याला धडकत. अशा खेळात सहा मॅच वाढवणं म्हणजे काय हे खेळणाऱ्यालाच कळणार. आणि एकेक दुखापत म्हणजे पुढच्या वर्षीच्या पोटावर पाय.

सीझन मात्र काय सुंदर झाला! ५ डिसेंबरला टोरांटोला १०-३ हरवलं, त्यात एकट्या रेड ग्रीनचे ५ गोल. नवी बॉस्टनची टीम ३०पैकी ६च जिंकली, हॅमिल्टन १९ जिंकली, १० हरली, १ बरोबरीत, पॉइंट ३९. टोरांटो ३८वर, मॉन्ट्रियल कॅनेडियन्स ३६वर. एका पॉइंटने पहिला नंबर. बिली बर्चला लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी मिळाली. चार वर्षं तळाला बघितलेल्या गावाला काय वाटलं असेल ते मी सांगायला नको. नियम असा होता की दुसरा आणि तिसरा आधी आपसात खेळणार, जिंकेल तो पहिल्याशी, आणि त्यातला विजेता पश्चिमेकडच्या लीगच्या विजेत्याशी स्टॅनली कपसाठी.

शेवटची मॅच मॉन्ट्रियलला झाली. परतीच्या ट्रेनमध्ये खेळाडूंनी मॅनेजर पर्सी थॉम्पसनला सांगितलं, जास्तीच्या मॅचेसचे प्रत्येकी २०० डॉलर हवेत, नाहीतर प्लेऑफ खेळणार नाही. पुढे बोलायला शॉर्टी ग्रीन. थॉम्पसनने नकार दिला आणि प्रकरण लीगचे अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांच्याकडे गेलं. कॅल्डरचं म्हणणं, करार १ डिसेंबर ते ३० मार्चचा आहे, त्यात जितक्या मॅच होतील तितक्या खेळायच्या. शॉर्टीचं म्हणणं साधं होतं की मालक पैशासाठी हॉकी चालवतात, मग खेळाडूने पैशासाठी खेळलं तर त्यात गैर काय. कागदावर कॅल्डर बरोबर असतीलही. पण करार केला तेव्हा सीझन २४ मॅचचा असायचा, काम परस्पर वाढवलं मालकांनी, मग मोबदल्याचं बोलणं झालं तर ते करारभंग कसं काय होतं? मला तरी उत्तर सापडलेलं नाही.

कॅल्डर यांनी आधी चौथ्या नंबरच्या ऑटावाला आत घ्यायचा विचार केला, मग सगळी टीम सस्पेंड केली, प्रत्येकाला दंड ठोकला २०० डॉलर, हो, जेवढे मागितले तेवढेच, आणि टोरांटोला हरवलेल्या कॅनेडियन्सना थेट लीगचं चॅम्पियन जाहीर केलं. कॅनेडियन्स स्टॅनली कपसाठी पश्चिमेकडच्या लीगचे विजेते व्हिक्टोरिया यांच्याकडे गेले आणि तीन-एक असे हरले. व्हिक्टोरियाचे कोच लेस्टर पॅट्रिक ताजे खेळाडू आलटून-पालटून उतरवत होते, त्यापुढे मॉन्ट्रियलचे दमले. पॅट्रिकने मैदानात जे दाखवलं तेच खेळाडू मागत होते असं मला वाटतं, की माणसाच्या दमाला किंमत आहे. एनएचएलबाहेरच्या टीमने कप जिंकायची ती शेवटची वेळ.

पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे स्टेडियम नवं बांधलं जात होतं, तिथे हॉकी हवी होती, आणि बिल ड्वायर नावाचा दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूवर गब्बर झालेला माणूस पैसे घेऊन तयार होता. त्याने ७५ हजार डॉलरला हॅमिल्टनचे सगळे खेळाडू घेतले. खेळाडूंनी दंड भरला, माफीची पत्रं लिहिली, सस्पेन्शन उठलं, आणि जे २०० डॉलरला हावरट ठरले होते त्यांचे पगार न्यूयॉर्कात भरपूर वाढले, शॉर्टीचा ३ हजारांचा ५ हजार, आणि बर्चला तीन वर्षांचे २५ हजार. म्हणजे पैसा होता, द्यायचा नव्हता. १५ डिसेंबर १९२५ला न्यूयॉर्क अमेरिकन्स या नावाने ते गार्डनमध्ये उतरले, सतरा हजारांच्या आसपास प्रेक्षक, तिथला पहिला गोल शॉर्टी ग्रीननेच मारला, मॅच मात्र कॅनेडियन्सनी ३-१ने नेली.

खेळाडूंना निदान पैसे मिळाले. हॅमिल्टनला काहीच मिळालं नाही, टीम गेली ती गेलीच. १९८५मध्ये गावाने एनएचएल येईल या आशेने कॉप्स कोलिझियम हे मोठं स्टेडियम बांधलं, २००९मध्ये कॅनडाचे उद्योगपती जिम बाल्सिली यांनी फीनिक्सची दिवाळखोर टीम विकत घेऊन हॅमिल्टनला आणायचा प्रयत्न केला, लीगने विरोध केला आणि ॲरिझोनाच्या कोर्टाने त्यांची बोली नाकारली. बार्टन स्ट्रीटची ती रिंक तर कधीच पाडून टाकलीये.