भांडं जमिनीला टेकायच्या आधी: न खाणाऱ्या छोट्या कुत्र्यासाठी

नमस्कार मंडळी. मागचा व्हिडिओ नखं कापण्याचा होता आणि त्याखाली प्रश्न आले ते बहुतेक सगळे खाण्याचे. "आमची हातानं भरवल्याशिवाय खात नाही." "दाणे (पाकिटातलं कोरडं खाणं) बाजूला सारतो, चिकन तेवढं शोधून खातो." "दोन दिवस छान खाते, तिसऱ्या दिवशी बघतसुद्धा नाही." जवळजवळ सगळ्यांची कुत्री पाच किलोच्या आतली. म्हणून आज दुसरं काही नाही, फक्त हेच.

(ठमीला मांडीवर घेऊन) ही ठमी. वय सहा वर्षं, वजन तीन किलो. आज ही भांडं चाटूनपुसून ठेवते. पण पहिली दीड वर्षं हिच्या जेवणाच्या वेळी माझ्या पोटात गोळा यायचा. एवढासा जीव, एक वेळ खाल्लं नाही तर काय होईल, हीच भीती. तुमच्या प्रश्नांत मला ती भीती दिसते, आणि ती खोटी नाही.

सोप्या गोष्टी पटकन सांगते. वयानं मोठ्या झालेल्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, मोजून. पाणी कायम भरलेलं. भांडं ठेवायचं, पंधरा-वीस मिनिटांनी उचलायचं, पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काही नाही. नवं खाणं सुरू करायचं तर सात ते दहा दिवसांत हळूहळू, जुन्यात मिसळून. हे तुम्ही ऐकलेलं आहे.

पण एक गोष्ट पटकन सांगून चालणार नाही. "खात नाही" आणि "खाता येत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठमी दीड वर्षाची असताना भांड्याकडे धावत यायची, वास घ्यायची, एक दाणा तोंडात घ्यायची आणि जमिनीवर टाकायची. मग मागे सरून उभी राहायची. मी तीन आठवडे त्याला नखरे म्हणत राहिले. डॉक्टरांनी तिचा ओठ वर उचलला आणि मला दाखवलं: वरच्या जबड्यातली मागची मोठी दाढ उभी तडकली होती. कडक हाडूक चघळताना झालं असणार. त्या तीन आठवड्यांचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून सांगते, आधी बघायला शिका.

नखरे करणारा कुत्रा भांड्याकडे बघतो आणि मग तुमच्याकडे बघतो. तो वाट बघतोय. दुखणारा कुत्रा भुकेनं येतो आणि खाता खाता थांबतो. एकाच बाजूनं चावतो, दाणा पाडतो, तोंडाला घाण वास येतो, लाळ गळते. मळमळ होत असेल तर ओठ चाटत राहतो, सारखं गिळतो, कधी भांड्यापासून लांबच जातो. छोट्या जातींच्या जबड्यात दातांची दाटी असते, कधी दुधाचे दात पडतच नाहीत आणि शेजारी नवा दात उगवतो. त्यामुळे हिरड्यांचे आजार यांच्यात लवकर सुरू होतात. तेव्हा पहिली पायरी तपासणी. सगळं ठीक निघालं, तरच पुढचं ऐका.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही भांडं ठेवलं. त्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. पुढच्या एका मिनिटात तुम्ही काय करता? सगळा प्रश्न या एका मिनिटाचा आहे. बहुतेक घरांत याच मिनिटात कुणीतरी उठतं, फ्रिज उघडतं, दाण्यांवर चिकनचे चार तुकडे घालतं. मी एकच नियम सांगते, आणि आज तो पुन्हा पुन्हा सांगणार आहे: जे काही करायचं ते भांडं जमिनीला टेकायच्या आधी. टेकल्यानंतर काहीही नाही.

म्हणजे वर काही घालायचंच नाही का? घाला की! दाण्यांवर कोमट पाणी घाला आणि दहा मिनिटं थांबा. वास सुटतो. कुत्र्याच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या साधारण 1700, आपल्या जवळपास 9000. म्हणजे चवीत तो आपल्याहून उणा, पण वासात आपण त्याच्या पासंगालाही पुरत नाही. फ्रिजमधून काढलेलं थंडगार खाणं त्याच्यासाठी अर्धं मुकं असतं. ते त्याच्या अंगाइतकं, अडतीस अंशांच्या आसपास कोमट केलं की बोलायला लागतं. चिकन घालायचं तर उकडून, बारीक कुस्करून, दाण्यांत असं कालवा की वेचता येणार नाही. पण हे सगळं ओट्यावर, त्याच्यासमोर ठेवायच्या आधी, आणि रोज तसंच. त्यानं तोंड फिरवल्यावर तुम्ही चिकन घातलंत, तर तेच चिकन वेगळं काम करतं.

का, ते कुत्र्याच्या बाजूनं बघू. त्याला आपली काळजी कळत नाही, क्रम कळतो. मी खाल्लं तर दाणे. मी तोंड फिरवलं तर चिकन. चिकनलाही तोंड फिरवलं तर हातानं भरवणं, मांडीवर घेणं, सगळं घर भोवती. यातून तो चुकीचं काही शिकत नाही, आपणच शिकवलेला धडा पाठ करतो. आणि सर्वांत घट्ट सवय रोज मिळणाऱ्या बक्षिसानं लागत नाही, मधूनच कधीतरी मिळणाऱ्या बक्षिसानं लागते. तुम्ही चार दिवस नियम पाळला आणि पाचव्या दिवशी घरातल्या कुणाचं मन विरघळलं, तर त्याला कळतं की पाच दिवस तग धरायचा असतो. पुढच्या वेळी तो सहा दिवस धरेल.

आमच्या घरी ते मन आईचं होतं. ती माझ्या नकळत द्यायची, आणि मला वाटायचं ही उपाशी आहे. आईला मी एकदाही रागावले नाही. तिला काम दिलं: ठमीचं भांडं रोज तिनं भरायचं, वर काय घालायचं ते तिनं ठरवायचं, फक्त ओट्यावर. तिला भरवायचं होतं, भांडणं नको होती. हा उपाय तुमच्या घरातल्या मोठ्यांसाठीही करून बघा. "देऊ नका" म्हणण्यापेक्षा "तुम्हीच भरा" हे जास्त लागू पडतं.

आता तीच गोष्ट पोटाच्या हिशेबानं. (हातात दाणे घेऊन) हे किती दिसतात? तीस ग्रॅम. एवढंच. तीन किलोच्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या, घरात राहणाऱ्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण 230 ते 250 कॅलरी लागतात. बऱ्याच कोरड्या खाण्यात 100 ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी असतात. म्हणजे दिवसभराचे साठ-पासष्ट ग्रॅम, एका वेळेला तीस-बत्तीस. तुमचं भांडं मोठं असतं, डोळ्याला रिकामं दिसतं, आणि आपण म्हणतो "काहीच खाल्लं नाही".

आता एक उकडलेलं अंडं. साधारण सत्तर-पंचाहत्तर कॅलरी. तीन किलोच्या कुत्र्यासाठी दिवसाच्या खाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. चीजचा एक स्लाइस साठ-सत्तर, म्हणजे पाव हिस्सा. कुणी मला लिहिलं होतं, "दिवसभर काहीच खात नाही, फक्त दोन स्लाइस चीज आणि थोडी बिस्किटं". मंडळी, तो जेवलेला आहे. संध्याकाळी भांड्याला तोंड फिरवतो कारण त्याचं पोट भरलंय. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवा. या कुत्र्यासाठी ते पंचवीस कॅलरी होतात. एवढ्या लहान अंगाला मापाचा कप चालत नाही, दहा ग्रॅमची चूक म्हणजे सहावा-सातवा हिस्सा इकडेतिकडे. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. आणि तेलकट-तुपकट तर नकोच, छोट्या जातींत स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

थांबा, हे राहील म्हणून आत्ताच सांगते. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं खाणं, यांतलं काहीही नाही. "थोडंसं चालतं" असं मला लिहू नका. तीन किलोच्या अंगाला थोडंसं काय असतं ते आत्ताच आपण मोजलं.

बरं, मग करायचं कसं? कोमट पाणी घालून, कालवून भांडं ठेवा, शांत कोपऱ्यात. येण्याजाण्याच्या वाटेत नको, दुसऱ्या कुत्र्यासमोर नको. गळ्यातला बिल्ला भांड्याला वाजतो आणि काही कुत्री दचकतात, तर तो काढून बघा. मग तिथून निघून जा. वाकून "खा ना, खा ना, राजा" म्हणत उभं राहू नका. एवढ्याशा जिवावर कुणी वाकलं की त्याला दडपण येतं. पंधरा-वीस मिनिटांनी न बोलता भांडं उचला. चेहरा पाडू नका, रागावू नका. ओलं झालेलं उरलं असेल तर टाकून द्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आधीपेक्षा जास्त हट्ट करेल. भुंकेल, भांडं पायानं ढकलेल, तुमच्या मागे मागे फिरेल. आजवर चालत आलेली युक्ती तो जास्त जोरानं करून बघतोय. नेमकं इथेच बहुतेक घरं हरतात, आणि म्हणतात "आमच्याकडे चाललं नाही". मला वाटतं ते एका दिवसानं हुकलेले असतात.

पण हे सगळ्यांसाठी नाही, आणि इथे मी कडक बोलणार आहे. "भूक लागली की झक मारून खाईल" अशी एक कमेंट प्रत्येक व्हिडिओखाली येते. तंदुरुस्त, मोठ्या झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. चार महिन्यांच्या आतल्या इवल्याशा पिल्लाच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. त्यांच्या अंगात साखरेचा साठा फार थोडा असतो, काही तास पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर खाली येते. पिल्लू सुस्त पडतं, लडखडतं, थरथरतं. अशा वेळी हिरड्यांना थोडा मध किंवा साखरपाणी चोळा आणि तडक डॉक्टरांकडे न्या. पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा खायला हवंच. म्हातारी, आजारी, फारच बारीक कुत्री, यांनाही हा नियम लावू नका. इन्सुलिनवर असलेल्यानं खाल्लं नाही तर इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

आणि मोठ्या कुत्र्यानंही पूर्ण एक दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा उलट्या, जुलाब, मरगळ आहे, पाणीसुद्धा पीत नाही, तर वाट बघायची नाही.

पाच-सहा महिन्यांच्या पिल्लांच्या घरून फार प्रश्न येतात: "आधी छान खायचा, अचानक बंद." छोट्या जातींची वाढ आठ-दहा महिन्यांत जवळजवळ पूर्ण होते. वाढत्या पिल्लाला दर किलोमागे मोठ्या कुत्र्याच्या जवळपास दुप्पट लागतं, आणि वाढ मंदावली की भूकही उतरते. आपण मात्र जुन्याच मापानं ओततो, उरलं की घाबरतो, आणि चिकन घालतो. माझ्या मते बरेच नखरे याच महिन्यात जन्माला येतात. त्याची भूक उतरली होती, एवढंच.

मग पुरेसं खातोय हे कसं ओळखायचं? भांड्यावरून नाही, बरगड्यांवरून. मूठ वळा आणि बोटांच्या सांध्यांवरून हात फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर तो फार बारीक आहे. आता हात सरळ करून पालथ्या पंजावरून फिरवा, तशा लागल्या तर छान. तळव्यासारखं मऊ लागलं तर जास्त झालंय. केसाळ कुत्र्यांत डोळा फसतो, बोट फसत नाही.

एका ताईंनी लिहिलंय, "तुम्ही रोज तेच तेच खाल का? त्या मुक्या जिवाला का शिक्षा?" ताई, तुमची माया मला कळते. पण पोषणाचा समतोल साधलेलं, त्याच्या वयाचं खाणं रोज तेच असलं तरी त्याचं काही बिघडत नाही. सारखं बदललं तर मात्र पोट बिघडतं. आणि नुसतं चिकन-भात हे रोजचं जेवण नाही, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं. घरीच शिजवायचं असेल तर पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या.

तिसऱ्या बाजूनं तोच नियम, आणि माझ्यासाठी हीच बाजू सर्वांत मोठी आहे. मागच्या वर्षी एका सकाळी ठमीनं भांड्याला तोंड लावलं नाही. त्याआधी चार वर्षं तिनं तसं केलंच नव्हतं. मी भांडं उचललं. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि यावेळी तिनं माझ्याकडेही बघितलं नाही, पाठ कमानीसारखी करून उभी राहिली. आम्ही त्याच रात्री डॉक्टरांकडे होतो. स्वादुपिंडाची सूज. सुरुवातीलाच सापडली, सलाइनवर दोन दिवसांत उतरली. पहिल्या दीड वर्षातली ठमी असती, तर मी चिकन घातलं असतं, मग अंडं, मग चीज. तेलकट एकावर एक, त्याच पोटात, आणि "आज जरा जास्तच नखरे करतेय" म्हणत दोन दिवस काढले असते. भांडं टेकल्यावर तुम्ही काही बदललं नाहीत, तर त्याचं "नको" तुम्हाला ऐकू येतं.

उद्या सकाळी उपाशीपोटी वजन करा. आधी तुम्ही एकटे काट्यावर, मग त्याला घेऊन, आणि फरक लिहून ठेवा. शक्य असेल तर लहान बाळांचा काटा वापरा, कारण इथे शंभर ग्रॅमलाही अर्थ आहे. दोन आठवडे करून बघा आणि खाली मला तीन गोष्टी लिहा: वय, आधीचं वजन, आत्ताचं वजन. मी सगळं वाचते. पुढच्या वेळी दात घासण्यावर बोलू, ठमीच्या त्या दाढेसाठी मला तो व्हिडिओ करायचाच आहे.