वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल

[दृश्य: गुहागरची पुळण, सकाळ]

भरतीच्या रेषेवर शिंपले, तुटकी जाळी, वाहून आलेल्या झावळ्या. तिथून थोडं वर, जिथे वाळू चढायला लागते, तिथे जांभळट गुलाबी फुलांचा गालिचा पसरलाय. ही मर्यादवेल. रताळ्याच्या वेलीची सख्खी बहीण.

इथे तगून राहणं सोपं नाही. पडलेला पाऊस वाळूत झिरपून जातो, वारा खारा, दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही, आणि जमीन तर रोज जागा बदलते. म्हणून हिचं पान जाड, चिवट. टोकाशी दुभंगलेलं, थेट आपट्याच्या पानासारखं. देठ मोडला की पांढरा चीक येतो.

खरी कमाल मात्र वाळूखाली आहे.

[दृश्य: वेलीचा एक फाटा हलकेच उचललेला]

बघा, पेरापेरातून मुळं सुटलीत. वाऱ्यासोबत आलेली वाळू पानांपाशी अडते आणि वेल पुरली जाते. दुसरं झाड गुदमरून मेलं असतं. ही पुरलेल्या पेरांतून नवी मुळं सोडते, शेंडा वर काढते, आणि पुन्हा वाळू अडवते. वाळूची टेकडी अशीच उभी राहते. पावसाळ्यातल्या उधाणाने वेलीचे तुकडे तोडून नेले, तरी ते दुसरीकडे वाळूत पडून मूळ धरू शकतात.

फूल सकाळी उमलतं, मधमाश्या येऊन जातात, दुपारपर्यंत ते मिटतं. आता पान आणि देठ जुळतात तिथे नीट पाहा: दोन बारीक ग्रंथी. त्यांतून गोड रस पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात, आणि पानं खाणाऱ्या अळ्यांना हुसकावतात.

बोंडात चार बिया, तपकिरी, मखमली लव असलेल्या. त्या समुद्रात तरंगतात, महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात राहूनही रुजतात. टणक साल वाळूवर घासली गेली, की मगच पाणी आत शिरतं. ब्राझीलपासून पूर्व आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण किनाऱ्यांवर ही वेल पोहोचली आहे ती अशी.

आपल्याकडे मात्र ती 'झाडोरा' ठरते. पर्यटकांना पुळण मोकळी दिसावी म्हणून ती उपटली जाते, टेकडीवर जेसीबी फिरतो. मग सुटी झालेली वाळू वाऱ्याबरोबर मागच्या माडांत आणि अंगणांत शिरते, आणि उधाणाची लाट अडवणारा उंचवटाच नाहीसा होतो. 2019 च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील, म्हणजे सीआरझेड-1अ या वर्गात आहेत. कासवांच्या विणीच्या जागाही त्याच वर्गात.

प्लास्टिक उचलायलाच हवं, ते जरूर उचला. वेल राहू द्या. समुद्रावर उतरायला एकच पायवाट ठेवली, गाड्या वाळूच्या अलीकडे थांबवल्या, तरी बाकीची वेल शाबूत राहते.