वाइनचा फ्रिज घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

घरात वाइनच्या वीस-पंचवीस बाटल्या जमल्या आहेत आणि आता त्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्याशी मी आज बोलणार आहे. वाइनचा फ्रिज बघायला गेलं की काचेच्या दाराआडचा निळसर दिवा आधी डोळ्यांत भरतो. मीही त्या दिव्याकडे बघूनच पहिला फ्रिज घेतला होता. अठरा बाटल्यांचा, छोटासा, अजिबात आवाज न करणारा. हिवाळाभर त्याने छान काम केलं. उन्हाळ्यात खोली 34 अंशांवर गेली आणि फ्रिजचा आकडा काही केल्या 20च्या खाली येईना. रात्री खोली निवली की तो उतरायचा, दुपारी परत चढायचा. महिन्याभराने बघते तर दोन बाटल्यांची बुचं वर सरकलेली आणि एकीच्या गळ्याशी चिकट ओघळ. ती बाटली मी सात वर्षं जपली होती.

बूच का सरकलं, हे समजून घेतलं की फ्रिज कसा निवडायचा तेही बरंचसं समजतं. वाइन तापली की पसरते. बाटलीत बुचाखाली जागा असते ती जेमतेम. मग आतला दाब वाढतो आणि बुचाला वर रेटतो. वाइन पुन्हा गार झाली की आकसते आणि बुचाच्या कडेने बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. हवेतला ऑक्सिजन वाइनचा गंध आणि रंग दोन्ही उतरवतो. एकदा तापण्यापेक्षा हे रोजचं चढणं-उतरणं जास्त घात करतं. म्हणून माझं म्हणणं असं, की वाइनच्या फ्रिजचं खरं काम गार करण्याचं नाही, तापमान हलू न देण्याचं आहे. जपून ठेवण्यासाठी 12 ते 13 अंश सेल्सिअस उत्तम मानतात, 10 ते 15च्या दरम्यान कुठेही चालतं. पण कायम 15 अंशांवर राहणारं कपाट आणि 10 ते 18 असे हेलकावे खाणारं कपाट यांतून निवडायचं झालं, तर मी डोळे मिटून पहिलं घेईन.

स्थिरपणाने काय साधतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. 2010 साली बाल्टिक समुद्रात, फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या 168 बाटल्या सापडल्या. सुमारे 50 मीटर खोल, अंधारात, 2 ते 4 अंशांच्या पाण्यात त्या जवळपास 170 वर्षं पडून होत्या. काहींमध्ये समुद्राचं पाणी शिरलं होतं, पण काहींमधली शॅम्पेन चाखण्याजोगी निघाली. तिथे ना यंत्र होतं ना कुणी राखणदार. गारवा, काळोख आणि वर्षानुवर्षं न बदललेलं तापमान, एवढंच होतं.

आता, हा फ्रिज तुम्हाला हवाच आहे का? बाजारात येणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. बाटली आणली आणि दोन महिन्यांत संपवली, असं तुमचं असेल, तर घरातल्या गार कोपऱ्यातलं बंद कपाट पुरतं. स्वयंपाकघरातला फ्रिज मात्र महिनोन्‌महिने ठेवायला नको. तो असतो 4 अंशांच्या आसपास, आतली हवा कोरडी, त्यामुळे बूच सुकून आकसतं. आठवडा-दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. पण पाच-दहा वर्षं मुरू द्यायच्या बाटल्या जमू लागल्या असतील, तर वेगळी सोय करायलाच हवी.

त्यासाठी फ्रिज बघण्याआधी एक थर्मामीटर आणा, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारा. फ्रिज जिथे ठेवायचा तिथेच तो ठेवा आणि निदान ऐन उन्हाळ्याचे आकडे लिहून काढा. या एका गोष्टीने पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. कारण प्रत्येक फ्रिज बाहेरच्या ठरावीक तापमानापर्यंतच नीट चालतो, आणि ते त्याच्या पट्टीवर एका खुणेने लिहिलेलं असतं. ‘एन’ असेल तर 16 ते 32 अंश, ‘एसटी’ असेल तर 38पर्यंत, ‘टी’ असेल तर 43पर्यंत. माझ्या 34 अंशांच्या खोलीत ‘एन’ खुणेचं यंत्र कितीही चांगलं असलं तरी दमणारच होतं. उलट, फ्रिज थंडीत गोठणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवणार असाल, तर आतली हवा गरज पडेल तेव्हा उबदार करणारी सोयही त्यात लागते. ही सोय सगळ्या फ्रिजमध्ये नसते, विचारून घ्यावी.

यंत्राचे मुख्य प्रकार दोन. माझा पहिला फ्रिज थर्मोइलेक्ट्रिक होता. दोन वेगळ्या धातूंच्या जोडातून वीज गेली की एक टोक गार होतं आणि दुसरं तापतं, हे ज्याँ पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1834मध्ये दाखवलं होतं. त्याच तत्त्वावर हे फ्रिज चालतात. कॉम्प्रेसर नाही, म्हणून थरथर नाही आणि आवाजही फक्त छोट्या पंख्याचा. पण खोलीच्या तापमानापेक्षा ते ठरावीक अंशच खाली जाऊ शकतात, आणि तेवढ्याच गारव्यासाठी वीजही जास्त खातात. खोली बारा महिने 25च्या खाली राहत असेल आणि बाटल्या थोड्या असतील, तरच याचा विचार करा. बाकी सगळ्यांनी दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे घरातल्या नेहमीच्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसरचाच घ्यावा. कॉम्प्रेसरच्या कंपाने बाटलीतला खाली बसलेला गाळ हलतो, ही तक्रार खरी आहे. म्हणून तो रबरी बैठकीवर बसवलेला आहे का, हे पाहा. चालू फ्रिजमधल्या फळीवर तळहात ठेवून बघितलं तरी बरंच कळतं. कंप आणि उष्णता यांत मला जास्त भीती उष्णतेची वाटते.

दोन कप्प्यांच्या, दोन तापमानांच्या फ्रिजबद्दल फार लोक विचारतात. रेड एकीकडे आणि व्हाइट एकीकडे ठेवावी लागते, असा समज आहे. मुरवण्यासाठी दोन्हींना तेच 12-13 अंश चालतात. फरक पडतो तो ग्लासात ओतताना. फेसाळ वाइन 6 ते 8 अंशांवर, व्हाइट 8 ते 12वर आणि भारदस्त रेड 16 ते 18वर खुलते. रोज पिण्याच्या बाटल्या लगेच हाताशी हव्या असतील, तर दोन कप्पे कामाचे. साठवणच करायची असेल, तर एक कप्पा पुरे. बिघडायलाही त्यात कमी असतं.

आणि क्षमता! इथे जवळजवळ सगळे फसतात. ‘50 बाटल्या’ असं लिहिलेलं असतं ते सडपातळ, सरळ खांद्यांची, फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पद्धतीची बाटली धरून. तिथल्याच बर्गंडी भागातल्या पद्धतीची बाटली बुडाशी रुंद असते, शॅम्पेनची त्याहून. या मिसळल्या की 50च्या जागी 35-40च बसतात, तेही खालच्या बाटलीचं लेबल घासत. म्हणून फ्रिज बघायला जाताना आपल्या संग्रहातली सर्वांत जाडी बाटली मोजून जा. फळी पूर्ण बाहेर येते का, हे बघा. दार भिंतीला लागून 90 अंशच उघडणार असेल, तर काही फळ्या दाराच्या रबरात अडकतात, आणि ते रबर फाटलं की गारवा गळायला लागतो. संग्रह वाढतो, हे धरून दीडपट मोठा घ्या. पण वजनही मोजा. 750 मिलिलिटरची भरलेली बाटली सव्वा ते दीड किलोची असते, म्हणजे शंभर बाटल्यांचे सव्वाशे-दीडशे किलो, वर कपाटाचं वजन वेगळं.

दार काचेचं असेल तर ती अतिनील किरण अडवणारी हवी. उजेडाने वाइनला उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो, आणि रंगहीन, पारदर्शक काचेच्या बाटल्यांना हा धोका सर्वांत जास्त. मला विचाराल तर बंद दारच बरं. आतला दमटपणा 50 ते 80 टक्क्यांत असला की बूच ओलसर राहतं. आतल्या हवेतले वास शोषणारा कोळशाचा गाळक असेल तर तो साधारण वर्षाने बदलायचा. फ्रिज ओट्याखाली किंवा कपाटात बसवायचा असेल, तर गरम हवा समोरून सोडणाराच निवडा. मागून हवा सोडणारा फ्रिज कोंडला की स्वतःच्याच उष्णतेत शिजतो.

घरी आणल्यावर घाई करू नका. वाटेत आडवा झाला असेल, तर एक दिवस उभा ठेवून मगच सुरू करा. आत पाण्याने भरलेली एक बाटली ठेवा, त्यात थर्मामीटर सोडा. दारावरचा आकडा आतल्या हवेचा असतो, बाटलीतल्या वाइनचा नाही. वरच्या फळीवर एक दिवस, खालच्या फळीवर एक दिवस, असं करून कुठे किती गार होतं ते लिहून ठेवा. आठवडाभर पाण्याचा आकडा एका अंशाहून जास्त हलला नाही, की बाटल्या लावायला घ्या. सर्वांत जास्त वर्षं मुरायच्या असतील त्या सर्वांत स्थिर फळीवर, आडव्या, लेबल वर करून. म्हणजे गाळ एकाच बाजूला बसेल आणि नाव वाचायला बाटली फिरवावी लागणार नाही.

नमस्कार.