विंचवाचं बिऱ्हाड, तिसाच्या वर क्लब : एल लोको आब्रेऊ

तर मंडळी, २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, वर्ल्डकपची क्वार्टर फायनल, उरुग्वे विरुद्ध घाना. उरुग्वेच्या सुआरेझने गोललाइनवर हाताने बॉल अडवला, रेड कार्ड खाल्लं, घानाच्या ग्यानने पेनल्टी क्रॉसबारला मारली, हे सगळं तुम्हाला पाठ असेल. पण शूटआउटमधली उरुग्वेची शेवटची किक आठवतेय का? १३ नंबरचा उंच, लांब केसांचा माणूस, धावत आला, आता जोरात हाणणार म्हणून घानाचा गोलकीपर किंगसनने एका बाजूला उडी टाकली, आणि या पठ्ठ्याने बॉल खालून अलगद उचलून मधोमध सोडला. १९७० नंतर पहिल्यांदा उरुग्वे सेमीफायनलमधे!

हा सेबास्टियन आब्रेऊ. टोपणनाव 'एल लोको', म्हणजे वेडा. या किकला पानेन्का म्हणतात, १९७६ च्या युरो फायनलमधे अंतोनिन पानेन्काने मारलेली, आणि गंमत बघा, आब्रेऊचा जन्म त्याच वर्षी ऑक्टोबरमधला. आणि हे काही अचानक सुचलेलं नव्हतं हां, २०१० च्याच एप्रिलमधे ब्राझीलच्या बोटाफोगो क्लबाकडून फ्लामेंगोविरुद्ध त्याने हेच केलेलं, बॉल क्रॉसबारला लागून आत गेला. माझं तर काळीजच थांबलं असतं.

आता क्लबांचं बघू. ११ देश, तिसाच्या वर क्लब. २०१७ च्या शेवटी चिलीच्या औदाक्स इटालियानोत गेला, तो २६ वा, आणि जर्मन गोलकीपर लुट्झ फानेनस्टीलचा सगळ्यात जास्त क्लबांकडून खेळायचा रेकॉर्ड मोडून गिनीजमधे नाव.

लोक म्हणतात कुठे टिकत नव्हता म्हणून फिरला. मला नाही पटत. १९९८ ला स्पेनच्या देपोर्तिवोने घेतला, तिथे जमलं नाही, मग काय, कागदोपत्री त्यांचा आणि खेळायला लोनवर, म्हणजे उसना, कधी ब्राझील, कधी मेक्सिको, कधी अर्जेंटिना, म्हणजे निम्मी भटकंती तर तिथूनच सुरू झाली. आणि बोलावणं येत का राहिलं? कारण बॉक्समधे हेडर मारणारा उंच माणूस सगळ्यांनाच पाहिजे असतो, कोणाला रेलिगेशनमधून, म्हणजे खालच्या लीगमधे ढकललं जाण्यातून वाचायला, कोणाला टायटल मारायला. अर्थात दरवेळी वाचवता येतंच असं नाही, २००६ ला मेक्सिकोच्या दोरादोसमधे पेप ग्वार्दिओला त्याच्या टीममधे होता, तरी टीम खाली गेलीच. उरुग्वेसाठी मात्र ७० मॅच, २६ गोल, २०११ चा कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेचा कप.

आपल्याकडचा धागा एवढाच की त्या घानाविरुद्धच्या मॅचमधे फ्रीकिकवर गोल मारणारा उरुग्वेचा फोर्लान २०१६ ला मुंबई सिटीकडून खेळून गेला. त्या वर्षी आपला लोको कुठे? एल साल्वाडोरमधे. साल्वाडोर! नकाशात शोधायला मला झूम करावं लागलं.

२०२१ मधे थांबला, वय ४४, मॉन्टेव्हिडिओच्या सुद अमेरिका क्लबात, आणि त्यानंतर लगेच कोचिंगला, म्हणजे बॅग काही उघडलेली नाही अजून.